उघाडी की आघाडी?

रात्री साडेअकराला मी गुगलवर 'उघाडी' असं टाईप केलं आणि त्याने मलाच विचारलं, तुम्हाला 'आघाडी' म्हणायचं आहे का?

नव्हतं म्हणायचं. ठाण्यात राहणारा माणूस आघाड्यांनी आधीच दमलेला असतो. मला हवी होती खाडीच्या बांधातली उघाडी. बांधात झडप बसवून ठेवलेली पाण्याची वाट. खाडीचं पाणी कधी आत घ्यायचं, कधी अडवायचं, आतलं कधी सोडायचं, हे तिच्यावर ठरतं. गुगलला मी बजावून सांगितलं, उघाडीच. मग त्याने तेलुगू नववर्षाच्या शुभेच्छा दिल्या.

पुढचा तासभर असाच गेला. 'खार', म्हणजे खाडीकाठची खारट जमीन, शोधलं तर पश्चिम रेल्वेचं स्टेशन आलं, वेळापत्रकासकट, आणि त्याखाली शेपूट फुलवून बसलेली खार. मिठाचं 'आगर' म्हटलं तर एसटीची आगारं. शिलोत्री म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यातून जमीन काढणारा आणि तो बांध सांभाळणारा माणूस. गुगलच्या लेखी ते नुसतं आडनाव, म्हणून दवाखाने आले आणि लग्नाची स्थळं आली. 'भांग'चं तर विचारूच नका. अमावास्या-पौर्णिमेच्या जोरदार भरतीला उधाण म्हणतात हे आपल्याला माहीत असतं. पण अष्टमीच्या सुमाराची मंद, मरगळलेली भरती असते तिला खाडीकाठची माणसं भांग म्हणतात. मला थंडाईची कृती मिळाली. बदाम किती भिजत घालायचे तेही कळलं.

निमित्त साधं होतं. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी ठाण्याच्या मिठागरांवर लेख मागितला होता. गेल्या वर्षी कॉलेजातून निवृत्त झाले, मराठी शिकवायचे, त्यामुळे आता मला भरपूर वेळ आहे असं सगळ्यांना वाटतं. पूर्व द्रुतगती मार्गावरून जाताना मुलुंड-भांडुपच्या बाजूला दिसणारे मिठाचे ढीग मी कित्येक वर्षं पाहत आले आहे. पण लिहायला बसल्यावर लक्षात आलं की त्या कामातला एक शब्द मला धड माहीत नाही. मराठीच्या मास्तरणीला हे लागलं. म्हणून ठरवलं, आधी शब्द गोळा करायचे, लेख मागाहून.

सुरुवात तर झकास झाली. जेम्स कॅम्पबेलने संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे ठाण्याचे खंड, म्हणजे दोन भागांतला तेरावा आणि स्थळांची माहिती देणारा चौदावा, तिन्ही पुस्तकं 1882 सालची. इंटरनेट आर्काइव्हवरून ती चहा गार व्हायच्या आत माझ्या संगणकात उतरली. हेच तेरावे-चौदावे खंड मी पहिल्यांदा पाहिले 1996 साली. त्यासाठी सकाळची फास्ट पकडून व्हीटी, तिथून चालत हॉर्निमन सर्कल, आणि मग एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या त्या प्रसिद्ध तीस पायऱ्या. पर्समध्ये प्राचार्यांचं पत्र, टोक केलेल्या दोन पेन्सिली, डबा. संध्याकाळपर्यंत मी अकरा पानं उतरवून घेतली. त्यातलं दीड पान पुढे उपयोगी पडलं.

त्या दिवसाबद्दल मला फारसा गहिवर येत नाही. जुन्या पुस्तकांचा वास, पंख्याचा आवाज, उंच खिडक्यांमधून येणारं ऊन, हे सगळं होतं, छानच होतं. पण पावणेसहाच्या लोकलमध्ये डोंबिवलीच्या बायकांच्या गर्दीत उभं राहून मला ठाण्याला उतरता येईल का, याची काळजीही होती आणि घरी गेल्यावर कणीक मळायची होती. ग्रंथालयांवर डोळे ओले करून लिहिणाऱ्या बहुतेकांच्या घरी पोळ्या दुसरं कुणीतरी करत असावं, असा मला जुना संशय आहे. जे पुस्तक बघायला तेव्हा एक रजा खर्ची पडली, ते आता गाऊन घालून, पाय खुर्चीवर घेऊन वाचता येतं, याचा आनंद मला कुणी कमी करू नये.

फक्त एक आहे. हे सगळं फुकट आहे असं आपण समजतो ते अर्धंच खरं. 1882 चं पुस्तक फुकट मिळतं, कारण त्याचा कॉपीराइट केव्हाच संपला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. पण त्याच गॅझेटिअरवर गेल्या दहा वर्षांत कुणी लिहिलं असेल तर तो निबंध बहुतेक वेळा कुलपात असतो आणि किल्ली संस्थेकडे असते. मी निवृत्त झाले त्या महिन्याअखेर माझं कॉलेजचं लॉगिन बंद झालं. निरोपसमारंभात शाल, श्रीफळ, आणि मग हे. केंद्र सरकारने 2024 च्या नोव्हेंबरात 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी, तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं. चांगलीच गोष्ट आहे. पण ती सरकारी उच्चशिक्षण संस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी. घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटात बसून मिठागरांवर लिहिणारी बाई म्हणजे काही संस्था नव्हे.

असो. गॅझेटिअर उतरलं, तिथून पुढे अडखळायला लागले. इंग्रजीत शोधायचं म्हणजे साहेबाच्या कानात आपला शब्द कसा पडला असेल याचा अंदाज बांधायचा. मग तो त्याने कसा लिहिला असेल, आणि यंत्राने तो कसा वाचला असेल, असे तीन अंदाज. नकाशा बघावा म्हटलं तर तो घडी घातलेलाच स्कॅन केलेला. स्कॅन करणाऱ्याला दिवसाला इतकी पानं असं काहीतरी गणित असणार. घडी उलगडायला वेळ कुठला? एका दुसऱ्या पुस्तकात तळटीपेवर अंगठा आहे. कुणाचा तरी डाव्या हाताचा अंगठा, नख नीट कापलेलं. मला हवा होता तो पृष्ठांक त्या नखाखाली आहे.

मराठी पुस्तकांकडे वळले तेव्हा खरी गंमत सुरू झाली. इंग्रजी पानाचा फोटो यंत्र वाचू शकतं, कारण तिथली अक्षरं सुटी सुटी उभी असतात. आपली अक्षरं शिरोरेषेला धरून शेजारशेजारी लटकतात, वर मात्रा, खाली उकार, मध्येच जोडाक्षर. त्यात शंभर वर्षांपूर्वीचा छापखाना, झिजलेले खिळे, पुसट शाई. यंत्र आता पुष्कळ सुधारलं आहे, नाही असं नाही, पण जे स्कॅन दहा-पंधरा वर्षांपूर्वी चढवले गेले त्यांतल्या कितीतरी मराठी पुस्तकांच्या मागचा मजकूर म्हणजे नुसता चिवडा. मी एका पुस्तकात 'मिठागर' शोधलं. शून्य. पान उघडून पाहिलं तर परिच्छेदाची सुरुवातच 'मिठागरें' अशी.

त्या 'रें' वरच्या टिंबातही एक कथा आहे. साहित्य महामंडळाने 1962 साली शुद्धलेखनाचे चौदा नियम ठरवले, पुढे 1972 मध्ये चार वाढवले. त्याआधी आपण 'कांहीं', 'नाहींत', 'घरें', 'मिठागरें' लिहायचो. नियमांनी ती अनुच्चारित टिंबं झाडून टाकली आणि शाळेतल्या पोरांवर मोठेच उपकार केले. पण त्यामुळे 1962 च्या आधीची मराठी आणि नंतरची मराठी यांच्यामध्ये यंत्राच्या दृष्टीने एक भिंत उभी राहिली. आपण विचारतो एका मराठीत आणि पुस्तक उत्तर देतं दुसऱ्या. मी वहीत प्रत्येक शब्दाची चार-चार रूपं लिहून ठेवली, टिंब घालून आणि टिंब काढून, ऱ्हस्व आणि दीर्घ. विद्यार्थ्यांची शुद्धलेखनं तपासण्यात हयात गेली; आता चुका मुद्दाम करायची पाळी आली. शेवटी मी पुस्तकाचं पान न् पान स्क्रीनवर उलटलं. तीनशे बारा. म्हणजे ग्रंथालयात केलं असतं तेच केलं, फक्त मान जास्त दुखली.

आमच्या पिढीने या गोंधळात भरच घातली आहे. युनिकोड रुळण्याआधीचे मराठी फॉन्ट आठवतात? दिसायला मराठी, आतून रोमन. विद्यापीठांतले प्रबंध जिथे ठेवतात त्या 'शोधगंगा' संकेतस्थळावर कितीतरी मराठी प्रबंध आहेत, उघडले की सुंदर दिसतात, आणि त्यातली एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा पाऊस पडतो. माझा स्वतःचा प्रबंध 1999 चा. त्याची फ्लॉपी अजून कपाटात आहे, वर माझ्याच अक्षरात 'अंतिम', 'अंतिम 2' आणि 'अंतिम (खरी)'. ती घालायला यंत्र नाही. एका ओळखीच्या मुलाने खटपट करून फाइल बाहेर काढली, तर तो फॉन्ट आता मिळत नाही. पाच वर्षांचं काम, आणि उघडल्यावर दिसतं काय, तर उद्गारचिन्हं, कंस आणि डॉलर. काळ्या रेक्झिनमध्ये बांधलेली, सोनेरी अक्षरांची प्रत मात्र शेल्फवर उभी आहे. तिला एका कोपऱ्यात कसर लागली आहे, पण वाचता येते.

जुलैच्या शेवटी, चांगला पाऊस लागलेला असताना, मी छत्री घेऊन बाहेर पडले.

ठाण्याला ग्रंथालयांची परंपरा जुनी. मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 साली इथे निघालं. ते काढणाऱ्यांमध्ये पुढारी होते विनायक लक्ष्मण भावे, 'महाराष्ट्र सारस्वत'चे कर्ते, तेव्हा जेमतेम विशी ओलांडलेले. आणि हे भावे मिठाच्या व्यवसायातले! एम.ए.ला त्यांचं पुस्तक मी वीस वर्षं शिकवलं, दरवर्षी महानुभावांच्या प्रकरणापाशी तेच ते विनोद केले, पण मिठाची गोष्ट कधी नीट डोक्यात शिरली नव्हती. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारा माणूस दिवसा मिठाचे हिशेब बघत असेल, हे आता या वयात, या लेखाच्या निमित्ताने, मला दिसायला लागलं.

मी गेले ते ग्रंथालय दुसरं. नाव घेत नाही, कारण पुढे त्याची थोडी तक्रार आहे. तिथले काउंटरवरचे काका माझ्यापेक्षा फार तर चार वर्षांनी मोठे असतील, पण मी पहिल्यांदा गेले तेव्हापासून त्यांना काका म्हणते आणि ते मला बाई. "काय बाई, आता काय काढलंत?" म्हटलं, मीठ. "संगणकावर बघा," ते म्हणाले आणि स्वतःच हसले, कारण संगणकाच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी होती. छत गळत होतं. वरच्या मजल्यावरची दोन कपाटं ताडपत्रीखाली. संदर्भ विभागातली 1930 च्या आसपासची पुस्तकं हातात घेताच कोपऱ्यांवर बिस्किटासारखी मोडत होती. लाकडाच्या लगद्याच्या कागदात आम्ल असतं, ते कागदाला आतून खातं. त्याआधीचा चिंध्यांचा कागद दोनशे वर्षांनीही लवचीक राहतो. म्हणजे आजोबा ठणठणीत आणि नातू अंथरुणाला खिळलेला, असं ते शेल्फ. ही पुस्तकं आत्ता, याच पावसाळ्याआधी कुणीतरी स्कॅन करायला हवी होती, अंगठ्यासकट का होईना.

"जुनी कार्डं आहेत का?" मी विचारलं. आहेत, पण जिन्याखाली. काकांनी कोळ्याची जाळी झटकली. अठ्ठेचाळीस खणांचं लाकडी कपाट, प्रत्येक खणाला पितळी कडी, आत कार्डांच्या भोकांतून ओवलेली सळई. 'म' चा खण ओढला तर तो अर्धाच आला. दमट हवेने लाकूड फुगलं होतं. बोटं आत घालून चाळत गेले. मिठाई... आणि मग एक कार्ड, बाकीच्यांपेक्षा पिवळं, निळ्या शाईत, टाकाने लिहिल्यासारखं बारीक-जाड अक्षर:

'मिठागरें. पहा: आगरी, खारजमिनी, ठाणें – बंदर.'

बाकी काही नाही. त्यावर पुस्तकाचं नाव नाही, दाखल क्रमांक नाही. नुसतं 'पहा'.

मी त्या जिन्याखाली, कुणीतरी ठेवून दिलेल्या खोक्यावर बसले. म्हणजे कधीतरी इथे एक माणूस बसला होता आणि त्याच्या मनात आलं होतं की उद्या कुणी मिठागरांबद्दल विचारत येईल. आपल्याकडे त्या नावाचं पुस्तक नाही, पण आगऱ्यांबद्दल आहे, आणि ज्याला मीठ हवं त्याला आगरी हवेतच, कारण आगर पिकवणारा तो आगरी. हे त्याला ठाऊक होतं. माझ्यासारखं कुणीतरी येणार हेही त्याला ठाऊक होतं. गुगलने मला आघाडी दिली ती लाखो लोक आघाडी शोधतात म्हणून. ह्याने आगरी दिलं ते त्याने स्वतः विचार केला म्हणून, आणि अशा कामाला त्याच्या हयातीत कुणी टाळ्या वाजवल्या असतील असं मला वाटत नाही.

सूची करणाऱ्यांचं आपल्याकडे असंच असतं. शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' मराठीच्या संशोधकांपैकी प्रत्येकाने वापरली आहे. पहिला खंड 1800 ते 1937 पर्यंतच्या ग्रंथांचा, दुसरा 1938 ते 1950 पर्यंतचा. आम्ही नुसतं 'दाते' म्हणायचो. "दात्यांत बघितलंस का?" हा गाईडचा पहिला प्रश्न, आणि बघितलं नसेल तर शेवटचा. पण दात्यांचं नाव प्रबंधाच्या ऋणनिर्देशात किती जणांनी घातलं? मी घातलं नव्हतं. काळं रेक्झिन उघडून खात्री करून घेतली. नवऱ्याचे आभार आहेत, टंकलेखकाचे आहेत, सासूबाईंचे आहेत. दाते नाहीत.

'आगरी' या कार्डाखाली तीन नोंदी होत्या. दोन पुस्तकं गहाळ. तिसरी, चाळीसेक पानांची पुस्तिका, मुखपृष्ठ गेलेलं, त्याबरोबर लेखकही गेलेला. काकांनी ती दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून आणली. सत्ताविसाव्या पानावर, बांधावरच्या कामाच्या वर्णनात, 'उघाड्यांच्या दारांस' असे शब्द होते. मी ते मोठ्याने वाचले. काकांची परवानगी घेऊन मोबाइलने फोटो काढला, मग पूर्ण पुस्तिकेचाच काढला, चाळीसच्या चाळीस पानं, कुठेही अंगठा येऊ न देता. याला दीड तास लागला. एका पानावर सावली पडली म्हणून ते तीनदा काढलं. स्कॅनवाल्याला जे बोलले होते ते थोडं मागे घेतलं.

घरी येऊन ते फोटो मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला पाठवले. ती ऐरोलीची, घरचे आगरी, सध्या प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेची तयारी करते आहे. तिने ग्रंथालयाचं तोंड शेवटचं कधी पाहिलं ते मी विचारत नाही आणि तीही सांगत नाही. फोटो पाहून तिचा फोन आला, "मॅडम, उघाडी तर आजोबा रोज म्हणतात. पाऊस पडला की त्यांचं पहिलं वाक्य, उघाडी साफ केली का रे कुणी?" आता कुठली उघाडी! त्यांच्या शेताच्या जागी पंचवीस वर्षं इमारत उभी आहे. पण पाऊस पडला की ते विचारतात.

मी तीन महिने जो शब्द शोधत होते तो खाडीच्या पलीकडे, माझ्या घरापासून दीड तासावर (मधल्या पुलावर वाहतूक नसेल तर पाऊण तासावर), दर पावसाला मोठ्याने बोलला जात होता. या मुलीला मी तीन वर्षं मराठी शिकवलं. एकदाही विचारलं नाही की तुझ्या घरी कुठले शब्द आहेत.

आता आम्ही दोघी मिळून यादी करतो आहोत. ती आजोबांना बोलतं करते, फोनवर ध्वनिमुद्रण करते आणि एका स्प्रेडशीटमध्ये भरते: शब्द, अर्थ, कुणी सांगितला, कुठे छापलेला सापडला. मी पुस्तकांतल्या नोंदी जोडते. जुन्या टिंबांसह एक रकाना, टिंबांशिवाय एक. सत्तेचाळीस शब्द झाले आहेत. दिवाळी अंकाचा लेख अर्थातच वेळेत गेला नाही; संपादक चिडले, मग म्हणाले पुढच्या वर्षी द्या.

परवा रात्री तिचा मेसेज आला. 'मॅडम, भांग टाकला. पण अजून एक रकाना करू का? कुणी केसांचा भांग शोधत आलं तर?'

मी लिहिलं, कर. वर लिही 'पहा'.

'पहा म्हणजे काय पाहायचं, मॅडम?'

उत्तर टाईप करायला घेतलं आणि ते फार लांबायला लागलं. म्हणून खोडून नुसतं विचारलं, शनिवारी दुपारी मोकळी आहेस का, स्टेशनला भेट, छत्री आण.